टबातलं लोणार

लोणारला गाडीतून उतरलेला माणूस आधी बाथरूम विचारतो, मग जेवण कुठं मिळेल ते विचारतो आणि त्यानंतर, आपण इतक्या लांब कशासाठी आलो ते आठवून, सरोवर कुठल्या बाजूला आहे असं विचारतो. सव्वीस वर्षं मी गाईड म्हणून या तीन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्या उत्तराला शब्द लागत नाहीत. माणसाला काठावर न्यायचं आणि गप्प उभं राहायचं. एवढा मोठा गोल खड्डा, तळाशी हिरवं पाणी, भोवती झाडी. बडबड्या माणसाचंही तोंड तिथं दोन मिनिटं बंद होतं. तेवढ्यात आपण पाणी पिऊन घ्यायचं, कारण पुढं दोन तास आपल्यालाच बोलायचं असतं.

माझं माहेर सुलतानपूर. म्हणजे सरोवर तसं जवळच, पण लग्नाआधी मी ते एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या सहलीत. त्यातलंही मला माकडानं पळवलेला माझा डबा तेवढा आठवत होता. सासरी आले आणि धारेवर नारळ विकायला बसले. धार म्हणजे सरोवराच्या वरच्या काठावरचा गोड्या पाण्याचा झरा. दगडी गोमुखातून बारा महिने पाणी पडत असतं. खाली तळ्यात खारं, तोंडात घालवणार नाही असं, आणि वर हे गोड. तेव्हा धारेखाली आंघोळ करू द्यायचे. बाया आंघोळीला जाताना माझ्याकडे पिशव्या ठेवायच्या, घड्याळं ठेवायच्या, एका आजीबाईंनी तर दातांची कवळी ठेवली होती. परत आल्या की केस पुसता पुसता विचारायच्या, "हे पाणी येतं तरी कुठून वं?" मी सांगायचे. त्यांना पुढचं विचारावंसं वाटायचं, मला पुढचं सांगावंसं वाटायचं. असं करत करत नारळाची टोपली सुटली आणि गळ्यात गाईडचं ओळखपत्र आलं.

हे काम वाटतं तेवढं तोंडाचं नाही. गाईडनं आधी माणसाचे पाय पाहावेत. उंच टाचा असतील तर वरूनच सगळं दाखवायचं आणि "खरं सौंदर्य वरूनच दिसतं" म्हणायचं. चपलेचा अंगठा तुटायला आलेला असेल तर तेही वरूनच. खाली उतरताना सगळेच तरणे असतात, वय कळतं ते चढताना. केळी आणि वेफर्सची पुडी कुणाच्या पिशवीत आहे हे माझ्याआधी वानरांना कळायचं, म्हणून उतरण्याआधी मी सगळ्यांना खायला लावायची. आणि तळ्याच्या काठाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तेव्हा प्रत्येक जण शेजारच्याकडे संशयानं पाहतो. तिथं गाईडनं लगेच खुलासा करावा. नवीन लग्न झालेली जोडपी असतील तर अजून लवकर करावा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. नागपूरच्या एका गृहस्थांना मी सगळं समजावलं, की आकाशातून उल्का आली, जमिनीवर आदळली, हा खड्डा तिचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती उल्का कुठं ठेवली आहे?" मी म्हटलं, ती आदळली तेव्हाच वितळून गेली, फुटून गेली. ते इतके नाराज झाले की, जणू मीच ती कुणाला तरी देऊन टाकली होती. लॉकडाऊनच्या वर्षी तळ्याचं पाणी गुलाबी झालं, ते सगळ्या जगानं मोबाईलवर पाहिलं. त्यानंतर दोन वर्षं लोक मला "आज किती वाजता गुलाबी होईल?" असं विचारत होते.

पण आज मी सांगणार आहे ती गोष्ट माझी फजिती आहे, आणि तिची सुरुवात माझ्याच जिभेपासून झाली.

लवणासुराची कथा मी रोज सांगायचे. लवणासुर जमिनीखाली दडला होता, देवानं वरचं झाकण उडवलं, त्याला मारलं, आणि त्या खड्ड्यात हे खारं पाणी साठलं. ही कथा गावाची आहे, ती सांगायला मला लाज नाही. पण या पाण्यानं खाज जाते, खरूज जाते, नायटा जातो, ही कथा माझी. म्हणजे गावात कुणी कुणी तसं म्हणायचं, पण गाईडच्या आवाजात, हात वर करून सांगायला मी सुरुवात केली. जालन्याच्या एका बाईनं "जाते का हो खरंच?" म्हणून इतक्या आशेनं विचारलं की माझ्या तोंडून "हाव" निघून गेलं. तिचा चेहरा असा फुलला की दुसऱ्या दिवशी मी न विचारताच सांगितलं. मग त्यात गुडघेदुखी आली, केस गळणं आलं. एकदा बोलण्याच्या भरात मी मुतखडाही घालून बसले.

हे भाषण ऐकणाऱ्यांत बबनशेठ होते. बस स्टँडजवळ त्यांचं आठ खोल्यांचं लॉज. नात्यानं कुणी नाहीत, पण आमच्या ह्यांना दादा म्हणतात, म्हणून मी त्यांची वयनी. ते एकदा केरळला फिरून आले आणि तिथं लोक अंगाला तेल चोळून घेऊन टबात बसतात, हे पाहून वेडे झाले.

"वयनी," ते म्हणाले, "तिथं साध्या पान्यात बसवते लोकायले. साध्या! अन् आपल्याजवळ एवढं औषधी तळं पडेल आहे, अन् आपन लोकायले फोटो काढाले लावून राह्यलो!"

अकोल्याला एक जुनं हॉटेल पाडत होते, तिथून त्यांनी पांढरा टब आणला. लॉजच्या मागच्या खोलीत तो बसवला. बाहेर पाटी लागली, 'खनिज जल उपचार केंद्र', आणि त्याखाली 'मार्गदर्शक: सौ. शोभाताई'. आमचे हे सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. ते पाटी पाहून आले आणि म्हणाले, "दवाखान्याच्या पाटीवर तुझं नाव काऊन?" मी म्हटलं, "मानानं लावलं त्यायनं." खोटं कशाला बोलू, मी दिवसातून दोनदा मुद्दाम त्या रस्त्यानं जात होते.

एकच शंका मी बबनशेठना विचारली. "भाऊ, पाणी कुठून आणसान? अभयारण्य आहे ते. जंगलखात्याचा माणूस लोटाभर पाणी उचलू देत नाही."

"ते तुमी माझ्यावर सोडा," बबनशेठ म्हणाले.

त्या वाक्यातला 'सोडा' मला फार उशिरा कळला.

थंडीचे दिवस होते. सकाळी पुण्याची एक पांढरी गाडी आली आणि तिच्यातून कुलकर्णीबाई उतरल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छोटी वही. मी पाय पाहिले आणि मनात म्हटलं, ही बाई खाली उतरेल आणि माझ्याआधी वर येईल. "मी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे," एवढंच त्या म्हणाल्या. इतकं शुद्ध बोलत होत्या की मला वाटलं, मराठीच्या बाई असणार.

काठावर मी माझं भाषण केलं. खाज, खरूज, नायटा, सगळं. बाईंनी लिहिणं थांबवलं, साडीवरच्या स्वेटरची बाही वर सारली आणि कोपर पुढं केलं. कोपरावर जुने, खरखरीत, लालसर चट्टे.

"बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हे जाईल?"

बाईंचा आवाज त्या वेळी शाळेतल्या बाईंचा नव्हता. जालन्याच्या बाईचा होता तसाच होता. मी तेव्हाच "मला माहीत नाही" म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं, "नक्की जाते, बाई. तळ्यात उतरू देत नाहीत, पण गावात सोय आहे." आणि मी त्यांना माझं नाव लिहिलेल्या पाटीखालून आत नेलं.

केरळच्या पद्धतीप्रमाणं आधी तेल. ते काम माझ्याकडे होतं. तिळाचं तेल मी बाईंच्या हातापायांना सढळ हातानं चोळलं. मग त्या गाऊन घालून टबात बसल्या. पाणी कोमट होतं, आणि वास थेट तळ्याचा! सडक्या अंड्याचा. मी मनात बबनशेठना शाबासकी दिली. या माणसानं जंगलखात्याच्या डोळ्यांत धूळ फेकून तळंच उचलून आणलं, असं मला वाटलं.

पाच मिनिटं झाली. बाईंनी हात हलवला, तर हाताभोवती थोडा फेस आला.

"शोभाताई, सरोवराला फेस येतो का?"

"येतो नं, बाई. वारं असलं की काठाला येतो." हे खरं होतं. पण त्या खोलीत वारं नव्हतं.

बाईंनी पाय हलवला. आणखी फेस आला. मग तो आपोआपच वाढू लागला. बघता बघता बाई गळ्यापर्यंत फेसात आणि फेस टबाच्या कडेवरून माझ्या पायावर. मी तो हातानं ढकलू लागले, तसा तो दुप्पट झाला.

"झोंबतंय," बाई म्हणाल्या. "कोपरांना फार झोंबतंय." मग त्यांनी पाण्यात हात घालून तळाशी काहीतरी चाचपलं आणि दोन बोटांत धरून वर काढलं. अंड्याचं टरफल होतं.

बाईंनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. "शोभाताई," त्या शांतपणे म्हणाल्या, "लवणासुर अंडी खात होता का?"

मी फेसात हात घातला, तर माझ्याही हाताला दोन टरफलं लागली.

"मी चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं," बाई म्हणाल्या. "हा धुण्याचा सोडा आहे. त्यावर तुमचं तिळाचं तेल. मी साबण झाले आहे. आधी मला स्वच्छ पाणी द्या, रागवायचं मी नंतर बघते."

मी नळ सोडला, तर नळाला पाणी नाही. टब भरण्यात वरची टाकी संपलेली आणि लाइट गेलेले, म्हणून मोटार बंद. बबनशेठला हाका मारल्या, तर ते मागच्या दारानं केव्हाच गेलेले. बाईंच्या कोपरांची कातडी टमाट्यासारखी लाल होत चालली होती. मला एकच पाणी आठवलं. मी त्यांना चादर गुंडाळली, गाडीत बसवलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "धारेवर चला, लवकर!"

आठवडी बाजाराचा दिवस होता. गाडी मुंगीच्या पावलानं चालली, आणि खिडकीच्या फटीतून फेस बाहेर येत होता. लोक गाडीत डोकावून पाहत होते. एका भाजीवाल्यानं मला ओळखून "काय झालं, ताई?" म्हणून विचारलं. मी "पाहुण्या आहेत" म्हणाले.

धारेखाली बायांची गर्दी. मी ओरडले, "जागा द्या वं, बाईचं आंग जळून राह्यलं!" बायांनी चटकन जागा केली. बाई गोमुखाखाली बसल्या आणि मी त्यांचे दोन्ही हात धारेखाली धरून उभी राहिले. वरून पाणी पडलं तसा राहिलेला फेस उसळला आणि पायऱ्यांवरून वाहू लागला.

"माय वं!" एक म्हातारी म्हणाली. "केवढा साबन लावला या बाईनं!"

"इथं साबणाले मनाई आहे, पाटी वाचता येत नाही का?" दुसरी म्हणाली. "शिकेल दिसते, तरी हे असं!"

चौतीस वर्षं मुलींना शिस्त लावलेल्या त्या बाई खाली मान घालून ते ऐकून घेत होत्या. आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र भिजून त्यांच्या डोक्यावर लोंबत होतं. अर्ध्या तासानं त्यांची आग शांत झाली. माझी मात्र तेव्हा सुरू झाली. या बाईंनी एक तक्रार केली की माझं ओळखपत्र गेलं, हे मला दिसत होतं. त्याहून जास्त मला त्यांची ती कोपरं दिसत होती.

डॉक्टरांनी पाहिलं, मलम दिलं, दोन-तीन दिवसांत लाली उतरेल म्हणाले. लॉजवर परत आलो तेव्हा बबनशेठ ओट्यावर डोकं धरून बसले होते. बाईंना पाहताच ते पायाच पडले.

"पयले तळ्याचंच पानी आनलं होतं, बाई, देवाशप्पथ! जंगलवाल्यानं कॅनी जप्त केल्या. दम देल्ला, मंग सोडलं. अन् इकडं पाटी तं लागून गेली होती! मंग बोअरच्या पान्यात सोडा टाकला."

"आणि अंडी?" बाईंनी विचारलं.

बबनशेठ माझ्याकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाले, "वासासाठी. चार दिवस उन्हात ठेवली होती."

बाईंचे ओठ थरथरले. मला वाटलं, आता रडतात किंवा ओरडतात. पण त्या हसल्या, आणि लगेच हसू गिळून त्यांनी कडक चेहरा केला. "पाटी आत्ता उतरवा. माझ्यासमोर." बबनशेठ स्टुलावर चढले. माझं नाव खाली येताना मी दुसरीकडे पाहत होते.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुमची तक्रार मला करायचीच आहे. पण मी सरोवर बघायला आले आहे. उद्या सकाळी मला खाली न्या. आणि जे खरं असेल तेवढंच सांगा."

दुसऱ्या दिवसाइतकी कठीण उतरण मी कधी उतरले नाही. मी तोंड उघडलं की बाई विचारायच्या, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, हा खड्डा पन्नास हजार वर्षांचा. "कोणी सांगितलं?" एका साहेबानं. "आणि दुसऱ्यानं?" दुसऱ्यानं पाच लाखांच्या वर सांगितलं होतं. "मग तुम्ही पन्नास हजार का निवडलं?" मी विचार केला आणि खरं ते सांगितलं, "म्हणायले सोपं जाते." त्यानंतर अर्धी वाट मी "माहीत नाही, बाई" एवढंच बोलत होते. इतक्या वर्षांतलं माझं भाषण असं भुगा भुगा होऊन वाटेवर पडत होतं, आणि मला रडू येत होतं.

तळ्याकाठच्या कमळजादेवीच्या देवळाशी आम्ही टेकलो. बाईंनी वही उघडली. "आता मला तुम्ही स्वतः पाहिलेलं सांगा. डोळ्यांनी."

मी तळ्याकडे तोंड करून बसले. मग आठवेल तसं बोलत गेले. कोणत्या पावसाळ्यात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. मोर कुठल्या बाजूनं ओरडले की कोणत्या झाडाखाली बिबट्या असण्याची भीती आम्हाला वाटते. वारं फिरलं की वास गावापर्यंत कधी येतो. माझ्या सासूबाई नवरात्रात इथं ओटी भरायला आल्या तेव्हा कुठल्या दगडावरून घसरल्या, आणि तो दगड अजून तसाच निसरडा आहे. धारेचं पाणी उन्हाळ्यात किती बारीक होतं आणि ते पाहून गावातल्या म्हाताऱ्या कशा हळू आवाजात बोलतात. मी किती वेळ बोलले कोण जाणे. बाई खाली मान घालून लिहीत होत्या. चार पानं भरली. पहिल्या दिवशीच्या भाषणातलं त्यांनी काय लिहिलं होतं ते मी चोरून पाहिलं, तर दोन ओळी, आणि दोन्हींपुढं प्रश्नचिन्ह.

निघताना त्यांनी मला एक घडी केलेला कागद दिला. "हा तक्रार अर्ज. मी पाठवत नाही, तुमच्याकडेच ठेवा. पुन्हा कुणाला औषध सांगावंसं वाटलं तर वाचा." गाडी गेल्यावर मी तो उघडला. पहिली ओळ होती: 'सदर गाईडचा आवाज उत्तम आहे, आणि हीच मुख्य अडचण आहे.'

त्या दिवसापासून मी औषध सांगणं बंद केलं. त्याचे परिणाम लगेच दिसले. "पाण्यानं खाज जाते का?" या प्रश्नाला मी "माहीत नाही" म्हटलं की लोक एकमेकांकडे पाहायचे आणि शेजारच्या गाईडकडे जायचे. तो 'हाव' म्हणायचा. अर्धं बोलणं गेल्यावर माझी फेरीही लवकर संपू लागली. आमचे हे म्हणायचे, "खरं बोलून तुझा गळा तरी वाचला."

मग एके दिवशी भास्करआप्पा आले. धामणगाव बढ्याचे शेतकरी, सत्तरीच्या पुढचे, डोक्याला पांढरं मुंडासं. हाताला मनगटापासून वर नायट्याचे मोठे चट्टे. सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"मले सांग, कुठं डुबकी मारू?"

"आप्पा, तळ्यात उतरू देत नाहीत. अन् यानं नायटा जाते का नाही, मले खरंच माहीत नाही. तुमी बुलडाण्याले कातडीच्या डाक्टरले दाखवा."

आप्पा भडकले. "दोन एस्ट्या बदलून एवढ्या दूर आलो, अन् तू मले बुलडाण्याचा डाक्टर सांगून राह्यली? बुलडाणा तं आमच्या रस्त्यातच होतं!"

"हो आप्पा, पण..."

"काही माहीत नाही तं इथं गळ्यात पट्टा घालून काऊन बसली?" असं म्हणून ते काठी आपटत खाली देवीच्या देवळाकडे गेले. मी त्यांच्या मागं जाऊन निदान तो निसरडा दगड तेवढा दाखवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वर आल्यावर ते सरळ स्टँडकडे गेले, आणि मला वाटलं, आता हा माणूस कुण्या भोंदूच्या हाती लागणार, तेही माझ्यामुळे.

तीनेक महिन्यांनी आप्पा पुन्हा आले. हातात नारळ, पेढ्यांचा पुडा. मी आधी त्यांचं मनगट पाहिलं. कातडी स्वच्छ होती, जुन्या चट्ट्यांची नुसती सावली राहिलेली.

"आप्पा! गेलं?"

"गेलं."

"डाक्टरकडे गेलते का?"

"हाव. दोन ट्यूबा देल्ल्या, गोया देल्ल्या. महिन्यात साफ."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. आप्पा मात्र देवळाच्या वाटेला लागले होते. "देवीचा नवस फेडतो," ते म्हणाले. "तिच्यासमोर बसलो होतो त्या दिवशी, तवा तिनंच मनात घातलं, की भास्करा, डाक्टरकडे जाय."

आता माझ्याच्यानं राहवलं नाही. "देवीनं? अहो आप्पा, डाक्टरचं तर मीच सांगितलं होतं!"

आप्पा थांबले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू? तू तं म्हणे, मले काहीच माहीत नाही."

आणि पुडा सोडून त्यांनी माझ्या हातावर एक पेढा ठेवला.